अडकलेली फांदी आणि खिशातली किल्ली

(यशवंतपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बागकामाच्या यंत्राची सुरक्षितता’ असा विषय लिहिला आहे. तो वाचून मागच्या ओळीतले दोघे-तिघे हसले, ते मी पाहिले. महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा हे सगळे सोडून हा माणूस पालापाचोळ्यावर बोलणार म्हणून हसू आले असेल. माझी हरकत नाही. पण तुमच्यापैकी ज्यांच्या गावी घरी जनावरे आहेत त्यांनी हात वर करा पाहू. पाऊण सभा झाली. आता ज्यांच्या गावात कडबाकुट्टीने कुणाचे बोट किंवा हात गेला आहे, त्यांनी हात वर ठेवा. फारसे हात खाली आले नाहीत. मग आपण एकाच विषयावर आहोत.

फांद्या आणि पाला यांचा चुरा करणारे यंत्र, ज्याला बाजारात चिपर-श्रेडर म्हणतात, ते आपल्या कडबाकुट्टीचे थोरले भावंड आहे. कडबाकुट्टीत दातेरी रोलर पेंढी आत ओढतात आणि चाकावर बसवलेली पाती तिचे तुकडे करतात. इथे पेंढीच्या जागी मनगटाएवढी फांदी, आणि चाकाच्या जागी जड पोलादी तबकडी किंवा पिंप, त्याला घट्ट बोल्टांनी आवळलेल्या सुऱ्या. सुरीसमोर एक स्थिर पोलादी धार असते. फांदी त्या दोहोंच्या मध्ये सापडते आणि तिचे काप पडतात. हा झाला चिपर. श्रेडरच्या पोटात सुऱ्यांऐवजी झुलते हातोडे असतात. पाला, काटक्या, वाळकी फुले त्यात कुटली जातात. अनेक यंत्रांना दोन तोंडे असतात, एक फांद्यांसाठी आणि वरचे रुंद तोंड पाल्यासाठी. दोन्ही तोंडांतला माल अखेर फिरत्या लोखंडापाशीच जातो, एवढे लक्षात असू द्या.

हे यंत्र आपल्या दारात का आले? बंगळूर हे झाडांचे शहर आहे. रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहोर, करंज (इथले लोक त्याला होंगे म्हणतात) अशी मोठाली झाडे रस्त्याकडेला, वसाहतींत, कचेऱ्यांच्या आवारात उभी आहेत. एप्रिल-मेच्या वळवात फांद्या कोसळतात. जिथून २५,००० व्होल्टची तार जाते तिथे तर छाटणी टाळताच येत नाही. पूर्वी ढीग करायचा आणि काडी लावायची, की काम संपले. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर जाळण्याला मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितले. ते योग्यच झाले. तो धूर क्वार्टरातल्या पोराबाळांच्याच छातीत जात होता. पण ट्रकभर फांद्या म्हणजे निम्मी हवा. तोच माल चुरा केला की थोड्या जागेत मावतो, झाडांच्या बुंध्याशी पसरता येतो, ओल्या कचऱ्यात मिसळला तर त्याचे खत होते. तेव्हा मी यंत्राच्या विरोधात बोलायला उभा नाही.

आता माझ्या चुलत्यांची हकिकत सांगतो. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात. चुलत्यांच्या गोठ्यात विजेची कडबाकुट्टी होती. त्या काळी लाइट रात्री येई आणि मध्येच जाई. एका रात्री ज्वारीचा ओला कडबा रोलरमध्ये गुंतला, यंत्र घरघरत अडले आणि तेवढ्यात लाइट गेली. अंधार झाला, सगळे शांत झाले. चुलते कंदील घेऊन आले आणि अडकलेला कडबा हाताने उपसू लागले. बटण चालूच राहिले होते. लाइट आली. उजव्या हाताची तीन बोटे गेली.

चुलते निष्काळजी नव्हते. गावात सगळ्यांत नीटनेटका माणूस म्हणून त्यांची ख्याती. दारू नाही, घाई नाही. पुढे कित्येक वर्षे लोक त्यांना म्हणत, ‘तुम्ही हात घातलाच कशाला?’ मी रेल्वेत फिटर झालो, यंत्रांपाशी तीस-बत्तीस वर्षे घालवली, तेव्हा मला कळले की हा प्रश्नच चुकीचा आहे. यंत्र अडकले की ते सोडवणे हेच काम असते. जो माणूस काम पुरे करायला निघतो, त्याचाच हात आत जातो. कामचुकार माणूस विडी ओढत बसतो, त्याची बोटे शाबूत राहतात. म्हणून अपघाताचे कारण माणसाच्या स्वभावात शोधत बसू नका. यंत्र अडले त्या क्षणी ते खरोखर बंद होते का, आणि बंद करायला माणसाला वेळ दिला होता का, हे दोन प्रश्न विचारा. आजचे माझे सगळे भाषण या दोन प्रश्नांचे आहे.

पहिला प्रश्न घेऊ. अडकलेले यंत्र आणि बंद यंत्र यांत फरक असतो. आपण रेल्वेची माणसे हे जाणतो. मालगाडीला ब्रेक लावला म्हणून ती जागच्या जागी उभी राहत नाही. चिपरची तबकडी जड असते ती मुद्दामच, फांदी आली तरी वेग मोडू नये म्हणून. इंजिन बंद केले, पट्टा सुटा केला, तरी ती आपल्या वजनाच्या जोरावर फिरतच राहते. काही यंत्रांत हे फिरणे मिनिटभर, काहींत त्याहून जास्त चालते. आणि आवाज? इंजिनाचा आवाज गेला की कानाला वाटते, सगळे थांबले. आपल्याकडच्या रसवंतीच्या चरकाला घुंगरू बांधलेले असतात. ते गिऱ्हाईक बोलवायला असतात हे खरे, पण चरक फिरतो आहे हे आंधळ्यालाही कळते. या तबकडीला घुंगरू नाहीत. झाकणाच्या आत ती मुकाट फिरत असते.

वेगाचा थोडा हिशेब करू. समजा, तबकडी ६० सेंटीमीटर व्यासाची आहे आणि मिनिटाला १,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या घरात. मेल-एक्स्प्रेसच्या वेगाने सुरी समोरून जाते, आणि तीही सेकंदाला सोळा वेळा. ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र असेल तर ट्रॅक्टरच्या पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. त्या उघड्या दांड्यावर धोतराचा सोगा गेला तर ‘अरे’ म्हणेपर्यंत नऊ वेढे पडलेले असतात. दांड्यावरचे प्लॅस्टिकचे कवच फुटले असेल तर त्या दिवशी यंत्र चालवायचे नाही. तार बांधून, गोणपाट गुंडाळून भागवायचे नाही.

आणि रोलर? फांदी ओढण्याचा त्याचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर धरा. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत एक सेकंद सहज जातो. अर्धा मीटर म्हणजे किती? आपले आजोबा कापड मोजायचे ते कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्याला नावच ‘हात’ होते, दीड फुटाचा हात. एका सेकंदात यंत्र एक हात खाते. ज्या छोट्या यंत्रांना रोलर नसतात, त्यांत सुऱ्या स्वतःच फांदी ओढून घेतात, आणि ती ओढ याहून जोरकस असते.

आता घास कसा घालायचा ते सांगतो. बाजूला उभे राहायचे, तोंडासमोर नाही. फांदीचे जाड बूड आधी आत, शेंडा मागे. यंत्राने फांदी धरली की हात सोडायचा आणि वळून निघायचे. शेंडा आत जाईपर्यंत सोबत जायचे नाही. वाकडी, दुबेळक्याची फांदी आत जाताना गर्रकन फिरते आणि चाबकासारखी तोंडावर बसते, म्हणून दुबेळके आधी कोयत्याने तोडून घ्यायचे. आखूड तुकडे हाताने लोटायचे नाहीत. लांब फांदीवर ठेवून पाठवायचे, नाहीतर लाकडी काठीने ढकलायचे. काठी लाकडीच हवी. ती आत गेली तर तिचा चुरा होईल, पहार आत गेली तर तिचे तुकडे गोळीसारखे बाहेर येतील. आणि पायाने तर कधीच दाबायचे नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण मी दाबताना पाहिले आहे.

नारळाच्या झावळ्या हा आपल्याकडचा मोठा शत्रू. त्यांचे धागे तुटत नाहीत, आसाभोवती गुंडाळतात. ओला पाला बाहेर फेकणाऱ्या नळ्यात लगदा होऊन बसतो. झावळ्या वाळवून, वाळक्या काटक्यांत मिसळून, थोड्या-थोड्या घालाव्यात. मोठे झाड कापलेले असेल तर खोडावर हात फिरवून पाहावे. शहरातल्या झाडांना जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे, केबलच्या तारा, दिव्यांच्या माळांचे स्टेपल काय काय असते! झाडलोट करून आणलेला ढीग तर हाताने निवडल्याशिवाय घालूच नये. त्यात दगड, बाटलीची काच, प्लॅस्टिक सगळे असते. पोस्टातल्या मंडळींना एक खास सांगणे. आवारातल्या काटक्यांच्या मोळ्या आपण सवयीने सुतळीने बांधतो. बॅगा बांधायची सुतळी हाताशी असते, आणि गाठ मारायचा हात तुमचा सगळ्यांत चांगला! मोळी यंत्रापाशी नेली की आधी सुतळी सोडायची, ती बाजूच्या टोपलीत टाकायची आणि मगच घास. रोलरने सुतळीचे एक टोक धरले आणि दुसरे टोक मनगटाला अडकलेले असले, तर गाठ सोडवायला वेळ मिळणार नाही.

पोशाखाबद्दल. बाह्या बटण लावलेल्या, सदरा आत खोचलेला. गमछा, उपरणे, मफलर, लुंगी, सैल धोतर यांतले काही नको. अंगठी, कडे, राखी, मनगटाचा दोरा काढून ठेवायचा. श्रद्धेला त्याने बाध येत नाही, घरी देवापुढे ठेवा. आणि गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी! आपल्या दोन्ही खात्यांत ती गळ्यात हवीच असा दंडक असतो. यंत्रापाशी ती खिशात गेली पाहिजे, आणि तसे सुपरवायझरने लेखी सांगितले पाहिजे, म्हणजे पुढे मेमो नको. झाडलोटीच्या कामावर भगिनी असतात, त्यांच्या साडीवर नुसता कोट चढवून भागत नाही, पदर खालून निघतोच. ज्या ताईला या यंत्रावर काम द्यायचे तिला मापाचा सलवार-कुडता किंवा पँट-शर्ट प्रशासनाने द्यावा, ओढणी नको. हातमोजे द्यायचे तर घट्ट बसणारे, मनगटापाशी सैल घेर नसलेले. कोपरापर्यंतचे रुंद तोंडाचे मोजे फांदीच्या फाट्यात अडकतात आणि माणसाला ओढून नेतात. डोळ्यांना चष्मा, तोंडावर जाळी, कानांवर आवाज रोखणारे कप, पायांत बूट.

कानांवर कप चढवले की ओरडणे ऐकू येत नाही, हे ध्यानात येत नाही. शिवाय ओरडायचे कोणत्या भाषेत? इथे यशवंतपुरात यंत्रावर एक जण कानडी बोलणारा, दुसरा तेलुगू, तिसरा बिहारकडचा, आणि लांबून पळत येणारा आपल्यातला मराठी. ‘निल्लिसि’, ‘रोको’, ‘थांबा’ यांतला कोणता शब्द कोणाला कळेल याची वाट पाहायला सवड नसते. शंटिंगमध्ये आपण तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतो. तसेच इथे करायचे. दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच म्हणजे बंद, आणि हा इशारा करायचा हक्क सगळ्यांना, झाडूवाल्यालासुद्धा. यंत्राबरोबर येणारे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि कपाटात असते. त्यातली चार वाक्ये चालवणाऱ्याच्या भाषेत मोठ्या अक्षरांत यंत्राच्या अंगावर लिहा. ‘कै हाकबेडि’, हात घालू नका, एवढे तरी. हे काम संघटनेच्या शाखेने एका रविवारी करण्यासारखे आहे.

सकाळी यंत्र सुरू करण्याआधी दहा मिनिटे लागतात: सुऱ्यांचे बोल्ट, पट्ट्यावरचे कवच, झाकणाचा नट, चाकांना अडण्या, नळ्याचे तोंड रस्त्याकडे नाही ना. रोलर थांबवणारा दांडा ओढून तो खरोखर थांबवतो का ते रिकाम्या यंत्रावर बघायचे. तेल भरायचे ते इंजिन थंड असताना. सायलेन्सरभोवती वाळका पाला साचू द्यायचा नाही. तारेजवळची फांदी असेल तर चिपरचा विचार नंतर, आधी पॉवर ब्लॉक आणि परमिट. चालू तारेपासून २ मीटरच्या आत माणूसही नको आणि त्याच्या हातातली फांदीही नको. हे तुम्हाला मी काय सांगावे.

आता पुन्हा अडकलेल्या फांदीकडे येतो. फांदी अडकली. इंजिनाचा आवाज जड झाला. काय करायचे? पहिल्याने रोलर उलटा फिरवण्याची सोय असेल तर लांबूनच दांड्याने उलटा फिरवून बघायचे. एकदा, फार तर दोनदा. सुटली नाही तर वेग कमी करायचा, पट्टा सुटा करायचा, इंजिन बंद, आणि किल्ली काढायची. ट्रॅक्टर असेल तर पीटीओ सुटा करून ट्रॅक्टरची किल्ली. विजेचे असेल तर प्लग काढून तो सगळ्यांना दिसेल असा समोर ठेवायचा. माझ्या चुलत्यांचा प्लग कोणी काढला असता तर आज त्यांना दहा बोटे असती.

आणि ती किल्ली कुठे जाणार? जो हात घालणार त्याच्याच खिशात. दुसऱ्याकडे द्यायची नाही, बोनेटवर ठेवायची नाही, यंत्रात तर नाहीच. आपल्यातल्या जुन्या लोकांना एकेरी मार्गावरचा टोकनाचा गोळा आठवत असेल. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेपर्यंत त्या सेक्शनमध्ये दुसरी गाडी यायची नाही. ‘टोकन घेतले आहे’ असे कोणी तोंडाने सांगून चालायचे नाही, गोळा हातात लागायचा. ही किल्ली म्हणजे तो गोळा. आत हात आहे तोवर ती बाहेर दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. गाडीखाली माणूस गेला की आपण दोन्ही टोकांना लाल झेंडा लावतो, आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो. त्यात नवीन काही नाही.

किल्ली खिशात घातली की थांबायचे. झाकण उघडायचे नाही. फिरत्या तबकडीवर झाकण उचलले तर सुरी झाकणाला लागते आणि जड झाकण माणसाच्या अंगावर फेकले जाते. परदेशात यात कामगार मेलेले आहेत. कानावरचे कप काढून ऐकायचे, पट्ट्याचे चाक दिसत असेल तर ते पाहायचे. पूर्ण थांबली याची खात्री झाली की तबकडी जागेवर धरणारी खीळ असते ती घालायची. मगच झाकण. आणि तरीही हात नाही, आधी काठी आणि आकडी. कारण अडकलेल्या फांदीवर पट्ट्याचा ताण उरलेला असतो, फांदी मोकळी झाली की तबकडी अर्धा फेरा झटक्याने फिरते. स्थिर सुरीसुद्धा सुरीच असते, तिला धार लावलेली आहे.

एवढे करूनही अपघात झालाच, तर यंत्र बंद, १०८ ला फोन, जखमेवर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब आणि हात उंच. तुटलेले बोट सापडले तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचे, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचे नाही. पिशवी पेशंटबरोबर त्याच गाडीत गेली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. मी आत्ता सांगितले ते सगळे नीट करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. झावळ्यांच्या दिवसात यंत्र दिवसातून चार-पाच वेळा अडकले, तर तास-दीड तास गेला. हा तास कोणाच्या हिशेबात धरला आहे? ठेकेदाराला ट्रॉलीच्या खेपांवर पैसे मिळत असतील, आणि कामगाराला रोज किती खेपा झाल्या ते विचारले जात असेल, तर अडकलेली फांदी सोडवायचा वेळ कामगाराच्या बोटांतून वसूल होणार. भिंतीवर ‘सुरक्षितता प्रथम’ लिहिलेले असले तरी. म्हणून शाखेने प्रशासनाकडे जी मागणी करायची ती हीच की अडकलेले यंत्र सोडवणे हा कामाचा भाग धरावा, त्याचा वेळ ड्युटीत आणि ठेक्याच्या दरात मोजावा, आणि यंत्रावर कधीही एकटा माणूस ठेवू नये. हेल्मेट आणि मोजे मागणे सोपे असते. प्रशासनही ते खुशीने देते, फोटोही निघतात. वेळ मागितला की तोंडे उतरतात.

आपल्यातले काही म्हणतील, यंत्रावर ठेक्याची माणसे आहेत, ती आपली सभासद नाहीत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानेसुद्धा हा भेद इतका मानला नव्हता. आपल्या कामाचाच भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते, असे त्याचे बारावे कलम होते. त्या कायद्याच्या अनुसूचीत माणसाच्या अवयवांचा भाव लिहिलेला होता: अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, पूर्ण तर्जनी गेली तर १४, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, हात गेला तर ६०. वाचताना कसेसेच होते, पण वाचलेले बरे.

त्यात आणखी एक अट होती, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल, आणि कामगाराने सुरक्षेसाठी लावलेले कवच हे कवच आहे हे जाणून मुद्दाम काढले असेल, तर मालक भरपाईतून सुटू शकत होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे बोट गेले तर पुढचा वाद यावरच होणार, की कवच काढले कोणी? कवच महिनाभर आधीच फुटलेले होते, सुपरवायझरला सांगितले होते, असे कामगार म्हणेल. कागद कुठे आहे, असे समोरचा विचारेल. म्हणून रोज सकाळी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची: कवच आहे, दांडा चालतो, किंवा नाही. तारीख आणि सही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी आपल्यातल्या कुणी लिहावे. पोस्टातल्या माणसांना पावतीचे महत्त्व सांगायला नको, पोच नाही तर पत्र दिलेच नाही असे धरतात.

१९४८ च्या कारखाना कायद्यात असे होते की फिरत्या यंत्राजवळ तपासणीचे काम करायचे तर खास शिकवलेला कामगार हवा, त्याचे नाव रजिस्टरात हवे, आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवायचे. पण वसाहतीची बाग म्हणजे कारखाना नव्हे, तिथे कारखाना निरीक्षक कधी फिरकला नाही. शेतावर तरी कोण फिरकत होते? मळणी यंत्रांनी इतके हात खाल्ले तेव्हा कुठे १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. चुलत्यांना कोणत्याच कायद्याने काही मिळाले नाही. घरचा गोठा, घरचे यंत्र, दावा कोणावर करणार? ते डाव्या हाताने सही करायला शिकले. पंढरपूरला जाणारी गाडी इथूनच सुटते म्हटल्यावर मी त्यांना एकदा इकडे बोलावले होते. स्टेशनात बाकावर बसून पेरू कापून देत होते मला, डाव्या हाताने.

असो. बोलणे पुरे झाले. मागच्या आवारात यंत्र आणून ठेवले आहे. ते चालवणारे दोघे जण आले आहेत, त्यांना मराठी येत नाही, म्हणून आपले कानडी जाणणारे सहकारी दुभाषाचे काम करतील. आपण ते रिकामे चालवून बंद करणार आहोत आणि तबकडी थांबायला किती वेळ लागतो ते मोजणार आहोत. तुमचा अंदाज आधी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालून, मग बघू कोणाचा बरोबर येतो ते. ज्यांच्याकडे घड्याळ आहे त्यांनी पुढे यावे. पण घड्याळ मनगटावरून काढून हातात घ्यायचे, आणि ओळखपत्राच्या दोऱ्या इथेच टेबलावर ठेवून चला.